शंभर लिहिलेली लेन्स

मार्था साळवेला कंपनीत अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत तिनं कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळं त्या सोमवारी तपासणीच्या तक्त्यावर सही न करता ती नुसतीच बसून राहिली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं, बाईंचं पेन संपलं. त्यानं आपलं पेन पुढं केलं.

"पेन आहे माझ्याकडं," मार्था म्हणाली. "सही करायची नाही मला."

सुप्याच्या एमआयडीसीतली ही कंपनी ट्रकच्या ब्रेकमधल्या झडपांचे सुटे भाग बनवते. त्यातला नाजूक भाग म्हणजे स्पूल. करंगळीएवढी, आरशासारखी घासलेली पोलादी दांडी. ती झडपेत मागंपुढं सरकते आणि ब्रेकची हवा सोडते, अडवते. तिच्या अंगावर मोठा ओरखडा असला तर हवा गळते, आणि घाटात भरलेल्या ट्रकची हवा गळली तर काय होतं ते सांगायला इंजिनियर लागत नाही. म्हणून प्रत्येक पेटीतले काही स्पूल कॅमेऱ्याखाली ठेवून त्यांचे अगदी जवळून फोटो काढायचे, ओरखडे मोजायचे. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर माल पास, वर गेला तर बाद. फोटो काढणं, मोजणं आणि खाली सही करणं हे मार्थाचं काम.

हे काम तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तिचे वडील यशया यांचा देवळाली प्रवराला फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्न, बारसं, चर्चमधला बाप्तिस्मा, कारखान्याच्या हंगामातले घोळक्याचे फोटो, सगळं ते करत. पण त्यांची खरी ख्याती वेगळी होती. घरातलं माणूस गेलं, त्याचा एकच फोटो उरला, तोही ओळखपत्रावरचा टपालतिकिटाएवढा, की लोक पंचक्रोशीतून यशयांकडं येत. त्यासाठी त्यांनी भात्याचा जुना लाकडी कॅमेरा जपून ठेवला होता. तो छोटा फोटो भिंतीला लावायचा, कॅमेरा जवळ आणायचा आणि भाता ओढत ओढत लेन्स फिल्मपासून लांब न्यायची. मार्था तेव्हा दहा-अकरा वर्षांची. दिवा धरायचं काम तिचं.

"पप्पा, लांबून फोटो काढता तेव्हा 'एक' म्हणेपर्यंत थांबता. आता चार का मोजता?"

"भाता किती ओढला बघ," यशया म्हणाले. "लेन्समधून उजेड येतो तेवढाच. पण फिल्म लांब गेली, तो उजेड मोठ्या जागेवर पसरला. तूप तेवढंच आणि भाकरी मोठी. फोटोत वस्तू खरी आहे तेवढीच हवी असंल, तर चौपट वेळ द्यायचा. न्हाई दिला तर मेलेला माणूस दुसऱ्यांदा अंधारात जातो."

लग्न होऊन ती भिंगारला आली. नवरा इमॅन्युएल शाळेत शिक्षक. तिनं स्वतःचा छोटा स्टुडिओ काढला आणि तो बारा-तेरा वर्षं चालवलाही. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला. पासपोर्ट फोटोसुद्धा लोक घरच्या भिंतीपुढं काढायला लागले, तेव्हा तिनं शटर ओढलं आणि सुप्याच्या कंपनीत पॅकिंगला लागली. रोज सकाळी कंपनीची बस, केडगाव, चास, कामरगाव, मग सुपा. दोन वर्षांनी तपासणी विभागात कॅमेरा आला आणि तो हाताळणारं कुणी मिळेना, तेव्हा पॅकिंगच्या रांगेतून मार्थानं हात वर केला.

त्या कॅमेऱ्याला जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स होती. अंगावर ठळक लिहिलेलं: शंभर मिलिमीटर. मार्थानं पहिल्याच आठवड्यात वडिलांचा हिशेब लावून पाहिला आणि तो चुकला. वस्तू खरी आहे तेवढीच फोटोत यायला चौपट वेळ लागायला हवा होता, इथं तिपटीत काम भागत होतं. दुसरंही एक होतं. वस्तूपासून कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असणाऱ्या सेन्सरपर्यंतचं अंतर लेन्सच्या आकड्याच्या चौपट, म्हणजे चारशे मिलिमीटर भरायला हवं. पट्टी लावली तर भरलं तीनशे.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ती पट्टी घेऊन कॅमेऱ्याच्या स्टँडजवळ उभी राहिली. शेवटी तिला उमगलं. पप्पांच्या कॅमेऱ्यात लेन्स अख्खी पुढं सरकायची, आतली काच जिथल्या तिथं. या नव्या लेन्समध्ये जवळ फोकस करताना आतल्या काचा एकमेकींच्या जवळ-लांब होतात आणि लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे तिच्या अंगावर लिहिलेला तो आकडाच, आखडते. लांबचं बघताना ती खरंच शंभरची असते. नाकासमोरचं बघायला लागली की पंचाहत्तरची होते. तीनशेला चारनं भागा, पंचाहत्तरच येतात. तिनं हे वहीत लिहून ठेवलं. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती प्रत्येक फोटोत स्पूलशेजारी सहा इंची पोलादी पट्टी ठेवायची, पट्टीवरून ओरखडा मोजायची आणि सही करायची. नऊ वर्षं असं चाललं.

मग क्वालिटीच्या प्रमुख म्हणून पंकजा मॅडम आल्या. चौतिशीच्या, हुशार, कामाला वाघ. त्यांनी मोजणीचं नवं सॉफ्टवेअर आणलं. आता पट्टी ठेवायची गरज नव्हती. फोटोबरोबर लेन्सचा आकडा आपोआप नोंदला जातो, शंभर. स्टँडवरून लेन्सपासून वस्तूचं अंतर कळतं, दीडशे. या दोन आकड्यांवरून सॉफ्टवेअर स्वतःच ओरखड्याची लांबी काढून देणार. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्यानं जमिनीवर चौकटींचा मोठा कागद पसरला, कॅमेरा स्टँडच्या पार वर नेला, मोजून दाखवलं. मापं चोख आली. तो प्रमाणपत्र देऊन गेला. जाताना हातातल्या मीटरनं उजेड मोजून कुठला फोटो किती वेळात काढायचा याचा तक्ताही भिंतीवर लावून गेला.

पंधरा दिवसांत चमत्कार झाला. बाद होणारा माल निम्म्याहून खाली आला. शॉपच्या दारातल्या फळ्यावर रोजचा आकडा लिहीत, तो बघायला माणसं थांबायला लागली. प्लांट हेडनी पेढे वाटले. ग्राइंडिंगवाल्यांना, म्हणजे स्पूल घासणाऱ्यांना, महिन्याचं बक्षीस जाहीर झालं.

मार्थाला पेढा गोड लागला नाही. तक्त्याप्रमाणं काढलेले फोटो काळे येत होते, म्हणून तिनं वेळ तिप्पट केला होता. आणि स्वच्छ उजेडात दिसणारा ओरखडा तिच्या डोळ्याला जेवढा वाटत होता, त्याच्या बरोबर अर्धा सॉफ्टवेअर सांगत होतं. तिनं एकदा कुणी नसताना कॅमेऱ्याखाली नुसती पट्टी ठेवली आणि दहा मिलिमीटर मोजायला सांगितले. पडद्यावर आलं, पाच.

ती तशीच पंकजा मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, इतक्या जवळून ही लेन्स शंभरची राहत नाही. पंचाहत्तरची होते. सॉफ्टवेअर शंभर धरतंय, म्हणून त्याला वाटतंय फोटोत वस्तू दुप्पट मोठी आलीय. मग ते माप निम्मं करतंय."

पंकजा मॅडमनी मान वर केली. "लेन्सवर काय लिहिलंय?"

"शंभर."

"मग? लेन्स बनवणाऱ्यांना कळत नाही? मार्थाताई, सॉफ्टवेअर प्रमाणित आहे. तुम्ही फोटो काढा. गणित आमच्याकडं राहू द्या."

दोन दिवसांनी ती परत गेली, या वेळी वही घेऊन. मॅडम फोनवर होत्या. त्यांनी हातानंच 'नंतर' म्हणून खुणावलं. ते नंतर काही आलं नाही. सोमवारी चोवीसशे स्पूलच्या लॉटचा तक्ता समोर आला आणि मार्थानं सही केली नाही.

दुपारी तिला मेमो मिळाला. सही नाकारल्याबद्दल नव्हता. भिंतीवरच्या तक्त्यातलं सेटिंग विनापरवानगी बदललं, म्हणून होता. फोटोंच्या नोंदीत तिप्पट वेळ दिसत होता.

"मिळाला म्हणून इथं सही करा," पंकजा मॅडम म्हणाल्या.

"मिळाला एवढ्यावर करते. चूक केली यावर करणार नाही. जवळ गेलं की लेन्समधून येणारा उजेड कमी पडतो, मॅडम. तक्ता करणाऱ्यानं हातातल्या मीटरनं मोजला. मीटरला काय माहीत लेन्सच्या आत किती उजेड हरवतो ते? वेळ वाढवला नसता, तर ओरखडे दिसलेच नसते."

"तुमची दहावी झालीय ना?"

"दहावीच झालीय," मार्था म्हणाली. "पट्टी वाचता येते."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून कॅमेऱ्याच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि तिला परत पॅकिंगला धाडलं. जिथून अकरा वर्षांपूर्वी सुरुवात केली होती, तेच टेबल. तिच्या जागी बसलेल्या माणसानं चोवीसशेच्या लॉटवर निमूटपणे सही ठोकली. लॉट शुक्रवारी सकाळच्या गाडीत चढणार होता.

तिनं प्लांट हेडना अर्ज लिहिला. उत्तर नाही. जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडिंगवाला हनुमंत तिच्या समोर येऊन बसला. जवळच्या वाळवणे गावचा, हात सोन्याचा, पण तोंड फाटकं.

"ताई, एक बोलू का? समद्यांचं बरं चाललंय. फळ्यावर आकडा चांगला हाय. तुमच्याच पोटात का दुखतंय?"

"लॉटमधला एक स्पूल आण," मार्था म्हणाली.

"कशाला?"

"आण तर."

तो कुरकुरत गेला आणि घेऊन आला. मार्थानं तो त्याच्या तळहातावर ठेवला. "मला डोळ्यांनी कळतं. तुला नखानं कळतं. फिरव नख."

हनुमंतनं अंगठ्याचं नख दांडीवरून आडवं ओढलं. एका जागी ते अडलं. त्यानं परत ओढलं. परत अडलं. त्याला काय ते कळलं होतं, कारण घासायचं चाक झिजल्याचं त्यालाच पहिल्यांदा जाणवलं होतं. पण माल पास होत होता, म्हणून त्यानं तो विषय काढला नव्हता. तो स्पूल खिशात घालून उठला.

घरी इमॅन्युएल म्हणाला, "सोडून दे. तू सांगितलंस, तुझं काम झालं."

"सांगून ऐकलं असतं तर झालं असतं," मार्था म्हणाली.

गुरुवारी माल घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस यायचा होता. साठीला टेकलेला, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा माणूस. बाद माल एवढा कमी कसा झाला हे बघायची त्याला उत्सुकता होती. अकराच्या सुमाराला प्लांट हेड, पंकजा मॅडम आणि तो कॅमेऱ्याच्या खोलीत गेल्याचं मार्थानं पॅकिंगच्या टेबलावरून पाहिलं. तिनं हातमोजे काढून ठेवले, ॲप्रनच्या खिशात पोलादी पट्टी असल्याची खात्री केली आणि चालायला लागली. सुपरवायझर मागून ओरडला. ती थांबली नाही.

दार उघडंच होतं. प्लांट हेडनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"आत्ता नाही, मार्थाताई. नंतर बोलू."

"आत्ताच, साहेब. उद्या माल गाडीत जाईल. मग नंतर बोलून काय करायचं?"

"या कोण?" तपासनिसानं विचारलं.

"नऊ वर्षं या कॅमेऱ्यावर मी बसत होते," मार्थाच उत्तरली. "आता पॅकिंगला आहे. मी कशाला हात लावणार नाही, नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं सेटिंग बदललं. मॅडम, ही पट्टी तुम्हीच ठेवा. स्पूल जिथं ठेवता, तिथंच. दहा मिलिमीटर मोजा."

पंकजा मॅडमचे कान लाल झाले. "ही काय पद्धत आहे? सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र…"

"पट्टीच तर ठेवायची आहे," तपासनीस म्हणाला. "ठेवा की."

पंकजा मॅडमनी पट्टी ठेवली, फोटो काढला, दोन रेघांवर खुणा केल्या. पडद्यावर आकडा उमटला: पाच पूर्णांक शून्य एक.

"पट्टी वाकडी बसलीय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ती काढून परत ठेवली. पाच पूर्णांक शून्य. तपासनिसानं चष्मा खाली ओढला, आपल्या बॅगेतून स्वतःची पट्टी काढली आणि ती ठेवायला लावली. पाच.

"आता कॅमेरा वर न्या," मार्था म्हणाली. "पार वर, सॉफ्टवेअरच्या माणसानं नेला होता तितका. फोकस करून परत मोजा."

पंकजा मॅडम स्टँडकडं वळल्या. कॅमेरा वर गेला. पडद्यावर नऊ पूर्णांक आठ आलं.

"लेन्स बिघडलेली नाही, सॉफ्टवेअरही नाही," मार्था म्हणाली. "ही लेन्स लांबून शंभरची असते, म्हणून त्या माणसाचं माप जमलं. जवळ आणली की आतल्या काचा सरकतात आणि ती पंचाहत्तरची होते. तिच्यावर लिहिलेला आकडा लांबचा आहे. आपण जवळचं मोजतोय. दीडशे अंतर आणि शंभरची लेन्स धरली, तर वस्तू दुप्पट दिसायला पाहिजे. इथं ती आहे तेवढीच दिसते. म्हणून सॉफ्टवेअरनं ज्याला अर्ध्याच्या आत म्हटलंय, ते अर्ध्याच्या वर असू शकतं."

प्लांट हेड घसा खाकरून म्हणाले, "समजा माप चुकलं. म्हणून माल खराब आहे, असं थोडंच सिद्ध होतं?"

"व्हतंय, साहेब."

दारात हनुमंत उभा होता. मशीन बंद करून कधी आला, कुणाला कळलं नाही. त्यानं खिशातून स्पूल काढून तपासनिसाच्या हातावर ठेवला. "नख फिरवून बघा. चाक झिजलंय. मला म्हाईत हुतं, पर पास व्हत हुतं म्हणून गप बसलो. माझी चूक हाय ती."

तपासनिसानं नख फिरवलं. मग पट्टी शेजारी ठेवून स्पूलचा फोटो काढायला लावला आणि पडद्यावरच्या रेघा स्वतः मोजल्या. ओरखडा होता आठ दशांशाचा. नोंदीत लिहिलं होतं, चार दशांश, पास.

लॉट गेला नाही. चोवीसशेचे चोवीसशे स्पूल पट्टी ठेवून परत तपासले. सहाशे ऐंशी बाद निघाले. आधी गेलेल्या दोन लॉटचा माल परत मागवला. त्यातला एकही अजून ट्रकला बसला नव्हता, हे नशीब. फळ्यावरचा आकडा पूर्वीसारखा वाईट झाला, बक्षीस रद्द झालं आणि बसमध्ये आठवडाभर मार्थाच्या शेजारची जागा रिकामी राहिली. नवव्या दिवशी हनुमंत तिथं येऊन बसला. त्याचा रस्ता वेगळा होता, बसमध्ये त्याचं काही कामही नव्हतं. चासपर्यंत गेला आणि उतरून परत फिरला.

पंकजा मॅडम एका दुपारी पॅकिंगमध्ये आल्या. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

"मला चारचौघांत तोंडघशी पाडण्यापेक्षा आधी नीट समजावून सांगायला हवं होतं तुम्ही."

"दोनदा आले होते, मॅडम. दुसऱ्यांदा वही घेऊन."

मॅडमनी किल्ली तिच्याकडं सरकवली. "ती वही आहे अजून?"

"आहे."

"वाचायला द्याल?"

"देईन. पण माझ्या मेमोचं काय?"

"तो आता कुणी मनावर घेत नाही. विसरून जा."

"फाईलमध्ये आहे ना? म्हणजे कागद विसरलेला नाही," मार्था म्हणाली. "मी सेटिंग बदललं ते बरोबर होतं. तसं लिहून द्या."

किल्ली तिनं उचलली, दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्यावर बसलीही. पण दर सोमवारी साडेनऊला ती कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणाऱ्या पर्सोनेल विभागाच्या खिडकीपाशी उभी राहायची. तिथला कारकून तिला पाहिलं की फाईल शोधण्याचं सोंग करायचा. साहेब बाहेरगावी आहेत. मसुदा झालाय, सही बाकी आहे. मार्चचं काम आहे. एकदा तो वैतागून म्हणाला, "बाई, पगार कापला नाही, बढती अडली नाही. त्या एका कागदानं तुमचं काय अडलंय?"

"त्यावर खोटं लिहिलंय आणि खाली माझं नाव आहे," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी येते."

सतरा सोमवार गेले. अठराव्याला पाकीट मिळालं. आत तिच्या नावे एका ओळीचं पत्र: सदर कर्मचाऱ्यानं केलेला सेटिंगमधला बदल तांत्रिकदृष्ट्या योग्य होता, सबब मेमो मागं घेण्यात येत आहे. खाली प्लांट हेडची सही, शिक्का. कारकुनानं हुश्श केलं आणि पोचपावतीचं रजिस्टर पुढं सरकवलं.

मार्थानं खिडकीतच उभं राहून पत्र दोनदा वाचलं. मग घडी करून पाकिटात घातलं आणि पाकीट परत आत ढकललं.

"आता काय?" कारकून म्हणाला.

"मर्था साळवे लिहिलंय. मार्था. काना राहिलाय."

"अहो, सगळ्यांना कळतंय की कोण ते!"

"मेमोत काना बरोबर दिला होता तुम्ही," मार्था म्हणाली. "यातही द्या. मी थांबते."

प्लांट हेड त्या दिवशी खरोखरच बाहेरगावी होते, म्हणून तिला आणखी एका सोमवारी जावं लागलं.